शेवटचं प्रकरण चिठ्ठीशिवाय मिळणार नाही

परवा एका बाईंचा फोन आला. पुढच्या महिन्यात नाशकात रहस्यकथांचा महोत्सव भरतोय, त्याच्या त्या आयोजक. "मॅडम, एवढं ऐतिहासिक शहर, आणि इथं आजवर क्राइम फिक्शनचा एकही फेस्टिव्हल झाला नाही, इमॅजिन करा!" मी म्हटलं, झालाय एक. मग त्यांनी महोत्सवाची रूपरेषा वाचून दाखवली. तीन दिवस, गोदाकाठी उद्घाटन, एक सत्र विंचूरच्या वाइन पार्कात. रामकुंडावर आंघोळ करायची, विंचूरला घोट घ्यायचा आणि मधल्या वेळेत खून ऐकायचे, अशी एकूण सोय होती. शेवटी त्या मुद्द्यावर आल्या. भांडी बाजारात पूर्वी एक वाचनालय होतं, त्याचे दोन फळे माझ्याकडे आहेत असं त्यांना कळलं होतं. ते प्रदर्शनाला हवे होते. "आणि ते चालवणाऱ्या गृहस्थांवर एक छोटं टिपण द्या ना. पाचशे शब्द. पॉझिटिव्ह."

त्या गृहस्थांविषयी पाचशे पॉझिटिव्ह शब्द मला जमणार नाहीत. पन्नास जमतील, तेही ओढूनताणून. म्हणून हे टिपण महोत्सवासाठी नाही. हे मी माझ्यासाठी लिहितेय.

सगळं गाव त्यांना अध्यक्ष म्हणायचं. कशाचे अध्यक्ष, तर 'नियोजित रहस्यकथा संमेलन, नाशिक' याचे. त्यांनी तसं लेटरहेड छापून घेतलं होतं, तेव्हा संमेलनाचा पत्ता नव्हता. दुधाची तक्रारसुद्धा ते त्या लेटरहेडवर करायचे. एरवी ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. नोकरीभर ते नकला देण्याच्या टेबलावर बसले होते. लोकांनी अर्ज करायचा, त्यांनी त्रुटी काढायची, लोकांनी परत जायचं. निवृत्तीनंतर हे सुख संपलं, तेव्हा त्यांनी वाचनालय काढलं.

भांडी बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर ती एक खोली. खाली दिवसभर तांब्याच्या हंड्यांवर हातोडी चालायची आणि वर कपाटांत फक्त रहस्यकथा. मेलेली माणसं आणि खालची ठोकाठोक, अशात अध्यक्ष पांढराशुभ्र सदरा घालून खुर्चीत बसायचे. आणि त्यांचा एक नियम होता, त्याच्यामुळं मी हे लिहितेय.

नवीन पुस्तक आलं की ते आधी दाढीचं पातं घ्यायचे आणि शेवटचं प्रकरण कापून काढायचे. ते पाकिटात घालायचे, पाकिटावर पुस्तकाचा नंबर, आणि पाकीट लोखंडी कपाटात कुलूपबंद. वाचकानं पुस्तक न्यायचं, वाचायचं, परत यायचं, आणि खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून सही करून द्यायचं. मग पाकीट मिळणार. तिथंच बाकावर बसून वाचायचं, पाकीट परत करायचं. भिंतीवर दोन काळे फळे होते. एकावर 'बरोबर', दुसऱ्यावर 'चूक'. आपली चिठ्ठी, सहीनिशी, टाचणीनं तिथं लागायची आणि महिनाभर राहायची. दारावर पाटी होती : शेवटचं प्रकरण चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.

मी शाळेत शिकवणारी बाई. पहिल्या दिवशी मी त्यांना सुनावलं, "अहो, पुस्तकं काय अशी कापतात?"

"बाई, तुम्ही पोरांना उत्तरपत्रिका आधी देता का?"

एखाद्या येड्याचं म्हणणं मुद्देसूद असलं की फार त्रास होतो. मी सभासद झाले.

आता गंमत ऐका. अध्यक्ष स्वतःही नियम पाळायचे. पुस्तक आलं की डोळे मिटून शेवटचं प्रकरण कापायचे (हे मी स्वतः पाहिलंय, एकदा अंगठा कापून घेतला), मग बाकीचं वाचून स्वतःची चिठ्ठी लिहायचे आणि मगच पाकीट उघडायचे. आणि ते एकदाही बरोबर आले नाहीत. एकदाही नाही! 'चूक'चा फळा त्यांच्या चिठ्ठ्यांनी भरलेला असायचा. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात रहस्यकथा सर्वांत जास्त वाचलेला माणूस, आणि खुनी त्याच्यासमोर बसून भेळ खात असता तरी त्यानं भेळवाल्याला पकडलं असतं. पण स्वतःची चिठ्ठी ते कधी लपवायचे नाहीत. लांब जाऊन चष्मा सरळ करत ती सरळ लागली आहे का ते पाहायचे.

बरोबर यायची ती माझी आई. ती सटाण्याकडची, चौथी शिकलेली, वडील गेल्यावर माझ्याकडे राहायला आलेली. पुस्तक मी आणायचे, वाचायची ती. चष्मा नाकावर घेऊन, ओठ हलवत, अर्ध्यातच पुस्तक मिटून म्हणायची, "हाऊच शे." म्हणजे हाच आहे. आणि तोच असायचा. मी विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाली, चार जावांच्या घरात बत्तीस वर्षं काढली की खुनी ओळखायला पुस्तक लागत नाही. जो सारखा दुसऱ्यांना 'तुम्ही आधी जेवून घ्या' म्हणतो, त्याच्यावर नजर ठेवायची. तिच्या चिठ्ठ्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, पेन्सिलीनं, खाली पूर्ण सही. 'बरोबर'चा फळा जवळजवळ तिच्या एकटीच्या मालकीचा झाला होता. अध्यक्ष त्या चिठ्ठ्या टाचताना टाचणी जरा जोरातच खुपसायचे.

आणि मग ते संमेलन झालं. खरोखर झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या शाळेचा हॉल मीच मिळवून दिला, ते माझं पाप. गावातल्या साहित्यिकांना निमंत्रणं गेली. त्यांनी ती वाचली, नीट घडी घातली आणि कुणीही आलं नाही. रहस्यकथा म्हणजे साहित्य नव्हे, यावर त्यांचं एकमत होतं. एरवी त्यांचं एकमत चहात साखर किती यावरही होत नसे. अध्यक्षांनी मात्र साहित्य संमेलनात जे जे असतं ते सगळं केलं. स्वागत समिती, भोजन समिती, निषेधाचे ठराव. पहिला ठराव होता, खुनी कोण हे परीक्षणात फोडणाऱ्या समीक्षकांचा हे संमेलन तीव्र निषेध करते. दुसरा ठराव मंडपवाल्याचा निषेध करणारा होता, तो आयत्या वेळी घातला.

सकाळी भांडी बाजारातून ग्रंथदिंडी निघाली. पालखी होती, पालखीत शेवटच्या प्रकरणांची पाकिटं होती, वर झेंडूच्या माळा. पुढे खालच्या दुकानाचे दोन तांबट झांजा वाजवत होते. पंचवटीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या यात्रेकरू बाईनं रस्त्यातच पालखीला हात लावून डोक्याला लावला आणि मला विचारलं, "कोन्त्या महाराजांची गं?" मी म्हटलं, खून झालेल्यांची. तिनं पुन्हा हात जोडले.

संमेलनाचे प्रमुख पाहुणे होते एक म्हातारे रहस्यकथाकार. एके काळी त्यांची पुस्तकं एसटी स्टँडवर चिक्कीशेजारी विकली जायची. आता ते पिंपळगाव बसवंतला लेकीकडे राहत होते. जावयाचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं, आणि पाहुणे माल घेऊन आलेल्या टेम्पोतून, पुढच्या सीटवर बसून आले. पांढऱ्या टोपीवाला जावई हॉलच्या दारात उभा राहून दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवायचा. "दादा, आटपा लवकर. टेम्पो थांबलाय, माल लय नाजूक हाय."

शाल, श्रीफळ, तांब्याची घागर झाली. मग अध्यक्ष माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी खिशातून एक फाटकं पुस्तक काढलं. तेव्हा आम्हाला कळलं की हा एवढा खटाटोप कशासाठी होता.

पुस्तकाचं नाव 'बंगला नंबर बावीसची किल्ली'. त्यांना ते वीसएक वर्षांपूर्वी रद्दीत मिळालं होतं, आणि मिळालं तेव्हाच त्याला शेवटचं प्रकरण नव्हतं. ते कुणी कापलं नव्हतं. गळून गेलं होतं. दुसरी प्रत त्यांना कुठंही मिळाली नाही. साऱ्या नाशिकची शेवटची प्रकरणं कुलपात ठेवणाऱ्या माणसाला या एका पुस्तकात कारखानदाराचा खून कोणी केला ते माहीत नव्हतं. पुतण्या, डॉक्टर, स्वयंपाकी, सेक्रेटरी की आंधळा काका. त्यांची चिठ्ठी तयार होती, पाकिटात लाख लावून. पाहुण्यांनी उत्तर सांगितलं की अध्यक्ष ते पाकीट फोडणार होते.

"साहेब," पुस्तक पाहुण्यांपुढे धरत ते म्हणाले, "खुनी कोण?"

पाहुण्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, मुखपृष्ठावरची बाई नीट पाहिली. "हे माझं आहे होय?" ते म्हणाले. "अहो, महिन्याला दोन लिहायचो. मेला कोण तेच आठवत नाही, मारला कोणी ते काय सांगू?" हॉल हसला. मग त्यांना वाटलं, आपण यजमानाला निराश केलं, तर मोठ्या मनानं म्हणाले, "तुम्हाला कोण वाटतो? तोच धरा."

अध्यक्षांनी लाख लावलेलं पाकीट न फोडता परत खिशात ठेवलं. "तसं धरता येत नाही," ते म्हणाले. पाहुणे द्राक्षांबरोबर निघून गेले. आम्ही सगळे जेवायला बसलो. मी पुढचा आठवडाभर हा प्रसंग शिक्षक-खोलीत साभिनय सांगत होते, हे कबूल केलं पाहिजे.

त्यानंतर दोन वर्षांनी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. पण पुस्तक तिला हवंच असायचं. मी वाचून दाखवायचे. त्या वेळचं पुस्तक 'निळ्या शाईचं पत्र' असं काहीतरी होतं. दोनतृतीयांश झालं तेव्हा तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. "नर्स," ती म्हणाली. "नर्सच शे. लिखी ले." मी चिठ्ठी लिहिली आणि शाळेवरून परस्पर भांडी बाजारात गेले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाहिली. "हे अक्षर तुमचं आहे, बाई."

"आईला लिहिता येत नाही आता. उजवा हात गेलाय. तिनं तोंडी सांगितलंय."

"तोंडी चालत नाही."

"अहो, ती अंथरुणावर आहे!"

"अंगठा चालेल," त्यांनी सवलत दिली.

मी घरी गेले, आईच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली, ठसा घेतला. आई म्हणाली, "तो येडा शे का?" पण हसली. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन परत गेले. अध्यक्षांनी ती उजेडात धरली. "हा डावा आहे. पुरुषाचा डावा लागतो, स्त्रियांचा उजवा. आणि अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात. त्यांच्या सह्या कुठायत?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. खालचे तांबट हातोड्या थांबवून ऐकत होते. मला चांगलं माहीत होतं की हा नियम नाही, हा मत्सर आहे. चौथी शिकलेली बाई ओळीनं बरोबर येते आणि आपण येत नाही, म्हणून हे उजवं-डावं. ते खाली मान घालून बसून राहिले, पण कपाटाची किल्ली काही त्यांनी काढली नाही. मी चिठ्ठी तिथंच टाकली आणि ठरवलं, नवी लिहून शेजारच्या दोघांच्या सह्या उद्या सकाळी घ्यायच्या आणि तो मेलेला उजवा अंगठाही उमटवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

तेराव्याला अध्यक्ष घरी आले. पांढरा सदरा, हातात पाकीट. आईच्या फोटोसमोर ठेवायला लागले आणि म्हणाले, "अपवाद म्हणून तोंडी ग्राह्य धरलं आहे." मी ते पाकीट त्यांच्या हातात परत कोंबलं आणि दार लावलं. वाचनालयाची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवलं, आणि पाच वर्षं चढलेही नाही.

मग एक दिवस एकलहऱ्याला मैत्रिणीकडे गेले होते. वीज केंद्राच्या कॉलनीतून तिचे शेजारी बदली होऊन चालले होते, व्हरांड्यात रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवला होता. वरून तिसरं पुस्तक 'बंगला नंबर बावीसची किल्ली'. शेवटची पानं जागच्या जागी. मी तिथंच उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं आणि मला फार आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो. आता किल्ली माझ्या कमरेला होती.

घरी येऊन मी पातं घेतलं, शेवटचं प्रकरण कापलं आणि पाकिटात घातलं. भांडी बाजारात गेले तर माडीला कुलूप. खालचा तांबट म्हणाला, "अध्यक्ष दवाखान्यात हायेत, बाई. हात लय थरथरतात, खाता बी येत नाय. आता काय खरं नाय त्यांचं."

खाटेवर ते अर्धे राहिले होते. कंपवातानं दोन्ही हात चादरीवर सारखे उडत होते, उजवा जास्त. मी पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि वरचं नाव वाचू दिलं. त्यांचे डोळे भरून आले. उशीखाली त्यांचं ते जुनं, लाख लावलेलं पाकीट होतं. त्यांनी ते मला काढायला लावलं. आत चिठ्ठी होती : डॉक्टर. पण सहीवर कधीतरी पाणी सांडून ती पुसून गेली होती.

"सही नाही," मी म्हटलं. पाच वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती.

"पुन्हा करतो," ते म्हणाले. मी पेन दिलं. ते बोटांत ठरेना. तीनदा खाली पडलं.

"अंगठा चालेल," मी म्हटलं. "पुरुषाचा डावा. आणि दोन साक्षीदार."

ते म्हणाले, "बाई, स्त्रियांचा उजवा हा नियम दस्तांसाठी आहे. रहस्यकथांना तो लागू नव्हता. मी लागू केला. त्या नेहमी बरोबर यायच्या ना." मग म्हणाले, "नर्सच होती. चिठ्ठी मी तेव्हाच 'बरोबर'वर लावली. त्यानंतर त्यांची एकही काढली नाही." आणि मग, कारकूनच तो, "पण साक्षीदार लागतातच. बोलवा कुणाला तरी."

माझा सगळा राग एकदम कुठं गेला ते मला कळलं नाही. रडू आलं, आणि त्या माणसासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी बाहेर जाऊन सिस्टरला आणलं आणि शेजारच्या खाटेवरच्या पिंपळगावच्या कांदेवाल्यालाही साक्षीला घेतलं. सिस्टरच्या शिक्क्याच्या पॅडवर अंगठा टेकवला. कांदेवाल्यानं सही करण्याआधी विचारलं, "जमिनीचं हाय का काई?" मी म्हटलं, खुनाचं आहे. त्यानं लगेच सही केली.

पाकीट मी फोडलं. पान त्यांच्या हातात ठरणार नव्हतं, म्हणून ते म्हणाले, तुम्हीच वाचा. खुनी आंधळा काका होता. तो आंधळा नव्हताच. मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर 'चूक'च्या फळ्यावर राहिलेला माणूस. एकदा बरोबर आला तर काय बिघडलं? माझ्या तोंडून 'काका'च्या जागी 'डॉक्टर' निघालं. एकदा निघालं, मग पुढे सगळीकडे तेच. जमलं होतं मला. अध्यक्षांचा चेहरा हळूहळू उजळत होता, ओठ हलत होते. मी शेवटच्या परिच्छेदाला आले. "इन्स्पेक्टरनं दिवा लावला. डॉक्टरांनी हातातली काठी भिंतीला टेकवली आणि..."

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबले.

"डॉक्टरांकडे काठी कुठली?"

मी पान उलटून पाहण्याचं सोंग केलं.

"अख्ख्या पुस्तकात काठी एकाकडेच आहे. बाई, पान दाखवा इकडे."

मी पान धरलं. त्यांनी ते वाचलं, नीट, दोनदा. मग डोळे मिटून हसले. इतक्या वर्षांत त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. "माझी चिठ्ठी चूक," ते म्हणाले. "'चूक'वर लावा. आणि अजून एक चिठ्ठी लिहायची आहे, आत्ता इथं झालेल्या गुन्ह्याची. घ्या."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. डावा अंगठा, त्याच दोन साक्षीदारांच्या सह्या. कांदेवाला आता जागचा हलायला तयार नव्हता. "ही 'बरोबर'वर," अध्यक्ष म्हणाले. "आईंच्या शेजारी." तीन आठवड्यांनी ते गेले. माडी रिकामी करायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही फळे घरी आणले.

आज सकाळी महोत्सवाच्या बाईंना फोन करून सांगितलं, फळे देते, पण एकही चिठ्ठी काढायची नाही, हलवायची नाही. त्या म्हणाल्या, अर्थातच, ऑथेंटिक हवंय. आता पुढच्या महिन्यात सगळं नाशिक येऊन बघेल. 'चूक'वर अध्यक्षांच्या गठ्ठाभर चिठ्ठ्या. 'बरोबर'वर आईच्या पेन्सिलीतल्या, शेवटची माझ्या अक्षरातली, डाव्या अंगठ्याची, खाली साक्षीदार कुणी नाही. आणि तिच्या शेजारी त्यांची एकुलती एक. तिच्यावर, माझ्याच अक्षरात, लिहिलंय : गुन्हेगार – बाई.